दोन अक्षरांची कन्या

मनुष्य आपल्या आयुष्यातील बहुतेक निर्णय आपणच घेत असल्याचा आव आणीत असला, तरी ज्या एका निर्णयाचे परिणाम त्याला शाळेच्या हजेरीपटापासून घराच्या खरेदीखतापर्यंत पावलोपावली भोगावे लागतात, तो निर्णय त्याला मान धरता येण्यापूर्वीच, त्याचा जबाब न नोंदविता, एकतर्फी होऊन गेलेला असतो. पूर्वी या निर्णयाला फारसा वेळ लागत नसे. मुलगा झाला तर आजोबांचे नाव आणि मुलगी झाली तर आजीचे अथवा एखाद्या पुण्यवान नदीचे, असा तो सरळ वहिवाटीचा मामला होता. आणि वहिवाट म्हटली की तेथे वादाला जागा उरत नाही. अलीकडे ही वहिवाट मोडली असून, विशेषतः कन्येच्या नामकरणाचे प्रकरण इतके गुंतागुंतीचे झाले आहे की, पूर्वी वतनाच्या तंट्यात दाखल होत नसत इतके दस्तऐवज ते निकालात निघण्यापूर्वी घरात दाखल होतात.

या प्रकरणाचे पहिले कलम असे की, नाव आखूड हवे. आखूड म्हणजे दोन अक्षरी. अडीच चालेल, तीन अक्षरांना विशेष कारण दाखवावे लागेल, आणि चार अक्षरे सुचविणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाकडे सर्व सभासद अशा करुणेने पाहतील की तो आपण होऊन चहा सांगण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात निघून जाईल. दुसरे कलम असे की, नावाला अर्थ हवा, आणि तो भरघोस हवा. या दोन कलमांमुळे नावाची लांबी आणि अर्थाची लांबी यांचे प्रमाण व्यस्त होऊन बसले आहे. आमच्या आज्यापणज्यांची नावे भागीरथी, गोदावरी, चंद्रभागा, द्वारका अशी ऐसपैस होती, आणि त्यांचा अर्थ विचारला असता ‘नदी आहे’ किंवा ‘गाव आहे’ एवढ्या दोन शब्दांत चौकशी संपत असे. आज पणतीचे नाव दोन अक्षरांत आटोपते; पण त्याचा अर्थ सांगू लागावे तर ‘जिच्या आगमनाने दिशा उजळतात, जी स्वभावाने शांत परंतु बुद्धीने तेजस्वी असून सर्वांना आपलीशी करते’ असा एखाद्या मानपत्राचा मसुदा ऐकून घ्यावा लागतो. ही सर्व सामग्री दोन अक्षरांत कशी कोंबून बसविली, असे विचारण्याचे धैर्य पाहुण्यात नसते, कारण तोपर्यंत त्याच्या हातात पेढा आलेला असतो.

तिसरे कलम वेगळेपणाचे. त्याच इमारतीत, त्याच बालवाडीत, आणि शक्य तर त्याच जिल्ह्यात ते नाव दुसऱ्या कोणा मुलीचे असता कामा नये. परंतु ते इतके अनोळखीही असू नये की ऐकणाऱ्याने ‘काय म्हणालात?’ असे विचारावे. चौथे कलम न्यू जर्सीतील काकांच्या आग्रहाने घातले गेलेले असते. तिकडील शिक्षिकेच्या जिभेला ते न अडखळता उच्चारता आले पाहिजे, म्हणजे त्यात ‘ळ’ नको, ‘ज्ञ’ नको, ‘ऋ’ तर मुळीच नको. आणि अशा रीतीने वर्णमालेतील आपली खास म्हणून जी काही मिळकत होती ती एकेक वगळली गेल्यावर माया, मीरा, तारा, लीला अशी जी नावे दोन्ही बाजूंच्या जकातनाक्यांवरून बिनतक्रार पार होतात, तेवढीच काय ती शिल्लक राहतात. परंतु ती वेगळी नाहीत, म्हणून तिसऱ्या कलमाखाली ती तत्काळ रद्द होतात.

पाचवे कलम आजोबांचे, आणि ते राशीच्या अक्षराचे. पंचांगातील अवकहडा चक्राने सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येक चरणाला एकेक अक्षर नेमून दिले आहे, आणि मूल ज्या चरणावर जन्मले त्या अक्षराने त्याचे नाव सुरू व्हावे असा संकेत आहे. ज्याने हे चक्र रचले त्याने अक्षरांच्या वाटपात इतका निःपक्षपातीपणा दाखविला आहे की, ज्या अक्षरांनी कोणताही शब्द सुरू होत नाही त्यांनाही त्याने उपाशी ठेवलेले नाही. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर अवतरलेल्या कन्येच्या वाट्याला ‘ङ’ येतो, हस्ताच्या तिसऱ्यावर ‘ण’, आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्यावर ‘ञ’. पूर्वाषाढेचा चौथा चरण साधणारीला ‘ढ’ मिळतो, म्हणजे शाळेने वास्तविक सहा वर्षांनी द्यावयाचा दाखला पंचांगाने बाराव्या दिवशीच देऊन टाकला. अशा प्रसंगी जोशीबुवा चष्मा पुसून जवळच्या अक्षराशी तडजोड सुचवितात, आणि आजोबांचे कलम ‘शक्यतो’ या शब्दाच्या दुरुस्तीसह मंजूर होते.

आता ही सर्व खटपट चालली असताना, आपण काही तरी अत्यंत आधुनिक करीत आहोत अशी जी त्या तरुण आईबापांची समजूत असते, तिला शास्त्राचा आधार आहे की नाही हे पाहणे उद्बोधक ठरेल. पारस्कर गृह्यसूत्रात नावांच्या अक्षरसंख्येविषयी स्पष्ट हुकूम आहे. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, मुलीचे विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. म्हणजे गंगाधराच्या बहिणीने यमुना व्हावे, हे सशास्त्र. आणि तिने रिया किंवा ईशा व्हावे, हे शास्त्रदृष्ट्या भावाच्या हद्दीत अतिक्रमण. आज महाराष्ट्रातील बालवाड्यांच्या हजेरीपटांवर ज्या असंख्य दोन अक्षरी कन्या नोंदल्या गेल्या आहेत, त्या सर्व सूत्रकाराच्या दप्तरी मुलगे म्हणून जमा आहेत.

ही भीती केवळ काल्पनिक आहे असे कोणी समजू नये, कारण पुराणांत याचा नमुना घडलेला आहे. भागवतात कथा येते ती अशी की, वैवस्वत मनूला मूल नव्हते म्हणून वसिष्ठांनी पुत्रासाठी यज्ञ मांडला; परंतु मनूच्या पत्नीने, श्रद्धेने, होत्याला गाठून आपल्याला मुलगी हवी असे हळूच सांगितले, आणि त्याप्रमाणे मुलगी झाली. तिचे नाव इला. दोनच अक्षरे, अर्थ पृथ्वी. यजमान नाराज झाला, वसिष्ठांनी आपले तपोबल खर्ची घातले, आणि इलेचा सुद्युम्न झाला. पुढे हा सुद्युम्न एका शापित अरण्यात शिरून पुन्हा स्त्री झाला, आणि अखेरीस एक महिना पुरुष व एक महिना स्त्री अशी आळीपाळी त्याच्या नशिबी आली. पंडित या कथेतून चंद्रवंशाची उत्पत्ती काढतात. आम्हांस तीतून एवढेच दिसते की, यज्ञाच्या दस्तात मागणी एकाची आणि मंजुरी दुसऱ्याची, असा घोटाळा तेव्हाही होत असे, आणि मुलीला सम अक्षरांचे नाव दिल्यास तो कोठवर जाऊ शकतो याचा सूत्रकारांनी धसका घेतला असावा.

विषम संख्येचा हुकूमही पाळावयाचा आणि आखूडपणाचा हट्टही सोडावयाचा नाही, अशा पेचात सापडलेल्या आईबापांना एकाक्षरी नावाचा मार्ग मोकळा आहे, कारण एक ही संख्या विषमच आहे. मात्र ते आकारान्त हवे, म्हणून श्री, धी, भू ही सर्व बाद होतात. आणि शोधाअंती संस्कृत भाषेच्या अफाट भांडारातून पृथ्वी या अर्थाचा ‘क्ष्मा’ हा शब्द हाती लागतो. एक अक्षर, आकारान्त, अर्थ भरभक्कम, जिल्ह्यात दुसरी सापडण्याचे भय नाही. परंतु येथे मनुस्मृती आडवी येते. स्त्रियांची नावे उच्चारायला सुखाची, कठोरपणा नसलेली, अर्थ चटकन कळणारी, मनोहर, मंगल आणि दीर्घ स्वरान्त असावीत असे तिने सांगून ठेवले आहे. आणि ज्या घरात आजीने कवळी काढून ठेवलेली आहे तेथे ‘क्ष्मा’ हे नाव सुखोच्चार्य ठरणे कठीण.

मनुस्मृतीचा विषय निघालाच आहे तर तिचे दुसरे कलमही वाचलेले बरे. स्मृतिकार मनू निराळा आणि इलेचा बाप मनू निराळा, ही पंडितांची हरकत आम्ही आगाऊच मान्य करतो. तर हे दुसरे कलम वधूच्या निवडीसंबंधी आहे. नक्षत्राचे, वृक्षाचे, नदीचे, पर्वताचे, पक्ष्याचे अथवा सर्पाचे नाव धारण करणाऱ्या मुलीशी विवाह करू नये, असे त्यात बजावले आहे. या कलमाची अंमलबजावणी महाराष्ट्रात झाली असती तर रोहिणी, रेवती आणि अश्विनी नक्षत्रांपायी, तुळसा झाडापायी, मैना आणि सारिका पक्ष्यांपायी, आणि गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, कावेरी या पाण्यापायी जन्मभर अविवाहित राहिल्या असत्या. राधेचीही सुटका नव्हती, कारण राधा हे विशाखा नक्षत्राचेच दुसरे नाव आहे. सुदैवाने लग्न जमविताना मराठी माणसाने पत्रिका पाहिली, गोत्र पाहिले, हुंडा पाहिला, पण स्मृती पाहिली नाही.

निदान तसे दिसते खरे. परंतु एकोणिसाव्या शतकातील आपल्या सुधारकांचे वर्तन पाहिले म्हणजे थोडी शंका येते. न्यायमूर्ती रानडे यांचा दुसरा विवाह १८७३ साली झाला तेव्हा वधूचे नाव यमुना होते. रानड्यांच्या घरी ती रमा झाली. गोपाळराव जोशी यांच्याशी ज्या मुलीचे लग्न झाले तिचेही माहेरचे नाव यमुनाच. ती आनंदी झाली, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन तिने ते नाव साऱ्या हिंदुस्थानास ऐकविले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी. त्यांचेही नाव आनंदीच ठेवण्यात आले. तीन सुधारक, तीन नद्या, आणि तिन्ही नद्या उंबरठ्यापाशी आटल्या. स्मृतीने नदीशी विवाह करू नये म्हटले होते. आधी विवाह करून मग नदी रद्द केल्यास दोन्ही पक्ष राखले जातात, अशी कायद्याची जी पळवाट यांत दिसते, ती एका नामांकित न्यायाधीशाच्या घरापासून सुरू व्हावी हा योगायोग मानण्यास मन घेत नाही.

तबकात तांदूळ पसरून त्यांत अंगठीने नवे नाव लिहिण्याची ही जी चाल होती, तिच्यामुळे मुलीच्या नावाचा विचार करण्यात माहेरची माणसे उगाच वेळ दवडीत नसत. पाच-दहा वर्षांनी जी जमीन दुसऱ्याच्या नावे चढणार, तिच्यात विहीर कोण खणतो? झाशीच्या राणीचे नाव माहेरी मणिकर्णिका, काशीच्या घाटावरून ठेवलेले, ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक यांचेही माहेरचे नाव मनकर्णिकाच, आणि दोघीही सासरी लक्ष्मी झाल्या. एवढे पल्लेदार, घाटाच्या पायऱ्यांसारखे उतरत जाणारे नाव दोन्ही वेळा तबकातील तांदळांत विरले. पैकी राणीला लहानपणी सारे ‘मनू’ म्हणत. स्मृतिकाराचे नाव एका घोड्यावर बसणाऱ्या मुलीला लाडाने चिकटावे, हा त्याच्यावर काळाने उगविलेला सर्वांत सौम्य सूड होय.

तबक आता बहुतेक घरांतून नाहीसे झाले, मुलीचे नाव मुलीजवळच राहू लागले, आणि तेव्हापासूनच अर्थाची ही चौकशी सुरू झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वस्तू आपल्याजवळ कायमची राहणार म्हटले की मनुष्य तिची किंमत विचारू लागतो. या चौकशीस उत्तर देण्यासाठी नामकोश नावाचे एक स्वतंत्र वाङ्मय जन्मास आले आहे. शब्दकोश आणि नामकोश यांत साक्षीदार आणि वकील यांच्याइतके अंतर आहे. शब्दकोश विचारले ते सर्व सांगतो. नामकोश अशिलाच्या हिताचे तेवढेच सांगतो.

‘इरा’ हे नाव पाहा. सध्या ते फार चालते. नामकोशात त्याचा अर्थ पृथ्वी, वाणी, सरस्वती असा दिलेला असतो आणि तो खराच आहे. परंतु ज्या अमरकोशातून हा अर्थ उचलला, तेथे त्याच ओळीत भूमी, वाणी आणि पाणी यांच्या पंगतीला आणखी एक अर्थ बसलेला आहे, आणि तो सुरा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणे या राज्यात ती बाळगण्यास आजही परवाना लागतो. तेव्हा अमरसिंहाचा शब्द अखेरचा मानल्यास प्रत्येक इरेच्या पित्याने जन्मनोंदीच्या अर्जासोबत उत्पादन शुल्क खात्यासही एक अर्ज करणे इष्ट. ‘नीरा’ नावाच्या कन्येची स्थिती यापेक्षा बरी आहे, कारण त्या नावाची एक नदीही आपल्याकडे भोरच्या डोंगरातून निघून भीमेस मिळते, आणि त्या नावाचे पेयही सरकारमान्य केंद्रावर उघड विकले जाते. मात्र ऊन वर चढले की तिची ताडी होते, हे तिच्याशी दुपारनंतर बोलताना ध्यानात ठेवावे.

‘रिया’ या नावाचा अर्थ कोठे गायिका असा छापलेला दिसतो. त्याचा आधार संस्कृत कोशांत शोधू जाणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. परंतु अरबी-फारसी कोशात तोच शब्द ठळकपणे भेटतो, आणि तेथे त्याचा अर्थ दिखाऊपणा, ढोंग असा आहे. पेशव्यांच्या दप्तरात बसणाऱ्या एखाद्या जुन्या कारकुनास आजच्या बारशाचे आमंत्रण गेले असते, तर तो पत्रिका वाचून यजमानांच्या प्रामाणिकपणाने थक्क झाला असता. ‘आर्या’ म्हणजे थोर स्त्री, हे ठीक. पण आर्या हे एका वृत्ताचेही नाव असून त्याच्या चार चरणांत बारा, अठरा, बारा आणि पंधरा अशा एकंदर सत्तावन्न मात्रा असतात. ज्यांना दोन अक्षरांपेक्षा अधिक भार सोसत नव्हता त्यांनी हे सत्तावन्न मात्रांचे ओझे नकळत घरात आणले. आणि ‘सीता’ या नावात तर जगातील सर्व सोशिकपणा भरला आहे असे आपण समजतो, पण तिचा मूळ अर्थ नांगराने शेतात पडलेला तास, एवढाच आहे.

या सर्वांत कोणास अधिक अर्थ हवेच असतील, तर त्याने ‘माया’ हे नाव ठेवावे आणि निश्चिंत व्हावे. वेदान्त्याला विचारावे तर तो म्हणेल की माया म्हणजे भ्रम, तिच्यापासून दूर राहा. आजीला विचारावे तर ती म्हणेल की माया म्हणजे जीव लावणे, ती पातळ होऊ देऊ नका. सावकाराच्या शेजाऱ्याला विचारावे तर तो हळू आवाजात सांगेल की माया म्हणजे त्याने जमविलेला पैसा. आणि शिंप्याला विचारावे तर तो गळ्यातील टेप न काढता सांगेल की माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, जे पुढेमागे अंग भरले असता उसवून सोडता येते. मुलीच्या नावात ठेवण्यासारखा याहून शहाणा अर्थ कोणत्याही ऋषीला सुचलेला नाही.

दोन अक्षरी नावांची ही लाट नवी आहे असे जे म्हणतात, त्यांनी गेल्या शतकाचा पूर्वार्ध डोळ्यांखालून घालावा. तेव्हाही एका पिढीने गोदावरी आणि भागीरथी यांना कंटाळून उषा, निशा, प्रभा, छाया यांचा आश्रय घेतला होता आणि दिवसाचे आठही प्रहर मुलींच्या नावांनी व्यापून टाकले होते. गोव्यातील मंगेशीचे नाव लावणाऱ्या मास्टर दीनानाथांच्या घरातल्या चार बहिणी पाहा: लता, मीना, आशा, उषा, एकीलाही तिसरे अक्षर नाही. पैकी थोरलीचे पहिले नाव हेमा; पुढे गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातील लतिका या पात्रावरून ते बदलले, आणि बदलतानाही लतिकेचे एक अक्षर कमी करून पुन्हा दोनच अक्षरे राखण्यात आली. त्याही आधी, शिवाजी महाराजांच्या पहिल्या राणीचे नाव सई होते. मध्यंतरी ते नाव मागे पडले आणि आता पुन्हा बालवाडीत येऊन बसले आहे. फॅशन पुढे जाते असे आपणांस वाटते. ती वास्तविक गिरणीच्या पट्ट्यासारखी गोल फिरत असते.

पण आखूड नावाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा अर्थ सांगायचा तर तो उमेचा. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात कालिदास सांगतो की, पार्वती तपश्चर्येला निघाली तेव्हा आईने तिला ‘अगं, नको!’ या अर्थाचे दोन एकाक्षरी शब्द उच्चारून थांबविले, ‘उ’ आणि ‘मा’, आणि तेच तिचे नाव झाले. नामकोश या ठिकाणी तेज, कीर्ती, शांती वगैरे देऊन वेळ मारून नेतात. पण कवीच्या मते जगन्मातेच्या नावाचा अर्थ ‘नको’ असा आहे. मराठी घरात उन्हात खेळू नको, भिजू नको, इतक्या उशिरा जाऊ नको असे दिवसातून जे शंभर वेळा कानी पडते, त्याचे आद्य उदाहरण हिमालयाच्या घरात नोंदले गेले आहे. आणि तेथेही मुलीने ते ऐकले नाही, तपाला ती गेलीच.

याच ‘नको’ने आपल्याकडे दुसरेही एक नाव घडविले आहे, आणि ते कोणत्याही नामकोशात नाही. मुलींमागून मुलगाच हवा असताना तिसरी-चौथी मुलगी झाली म्हणजे तिला नकोशी किंवा नकुशी म्हणण्याची रीत सातारा जिल्ह्याच्या आणि आसपासच्या गावांत होती. असे नाव ठेवले म्हणजे पुढचा तरी मुलगा होतो, अशी त्यामागची समजूत. वैवस्वत मनूने वसिष्ठांकडे जी तक्रार केली तीच या माणसांनी देवाकडे केली, एवढेच की यांच्याजवळ मुलीचा सुद्युम्न करणारा वसिष्ठ नव्हता, म्हणून त्यांनी तक्रारीचा अर्जच तिच्या कपाळी डकवून तिला शाळेत पाठविले. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा येथे सरकारी समारंभ करून या नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींचे पुन्हा नामकरण करण्यात आले. आपले नाव आपण निवडण्याची संधी ज्यांना मिळाली अशा त्या या राज्यातील बहुधा पहिल्याच एवढ्या मुली असतील. त्यांनी काय निवडले? कोणी सिनेनटीचे ऐश्वर्या घेतले, कोणी सावित्री, कोणी वैशाली. दोन अक्षरांची काटकसर त्यांना सुचली नाही. ज्यांना इतकी वर्षे नावच मिळाले नव्हते, त्यांनी मिळते आहे तर भरपूर अक्षरांचे घेतले, आणि त्यांत वावगे ते काय?

या एका उदाहरणाने आमच्या मनातील अर्थाचा गोंधळ बराच मिटला. नकोशी या नावाचा अर्थ सांगायला कोश लागत नसे, तो हाक मारणाऱ्याला माहीत होता आणि ओ देणारीलाही; उमेचा अर्थ शब्दाने तोच, पण तो काळजीने उच्चारलेला. म्हणजे नावाचा अर्थ छापील रकान्यात राहत नाही, तो हाकेत राहतो, आणि हाकेचा अंमल कोणत्याही कोशकाराच्या हाती नसतो. हा अंमल घरातील जिभेचा, आणि ती जीभ मुळातच उलट्या चालीची. नाव लांब असेल तर ती ते कापते आणि आखूड असेल तर वाढविते. गोदावरीची तिने गोदी केली, भागीरथीची भागी, सरस्वतीची सरू, रुक्मिणीची रखमा. तोच न्याय ती आज इरेला लावते आणि चार महिन्यांत इरेची इरू, इरूची इरुली, इरुलीची इरुलाबाई आणि अखेरीस, मूळ नावाशी कसलाही संबंध न उरलेली, छकुलडी करून ठेवते. ज्या आईने नवव्या महिन्यात तिसरे अक्षर ऐकून कपाळाला आठ्या घातल्या होत्या, तीच ‘माझी सोनुकली, मनुकली’ म्हणत अक्षरांची अशी खैरात करते की गृह्यसूत्रकारानेही मोजणी सोडून द्यावी.

नावाची खरी कसोटी त्याहून पुढे, मूल अंगणात किंवा इमारतीच्या खालच्या आवारात खेळू लागल्यावर लागते. तेथे आखूड नाव आपोआप लांब होते. दुरून हाक मारताना शेवटचा स्वर प्लुत करावा, म्हणजे तीन मात्रांपर्यंत ताणावा, असे पाणिनीने सूत्रच करून ठेवले आहे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून तिन्हीसांजेला ‘इराऽऽ, जेवायला चल!’ असे ओरडणाऱ्या माउलीने अष्टाध्यायी वाचलेली नसली तरी ती मात्रा बिनचूक राखते. मनूच्या साऱ्या अटींपैकी दीर्घ स्वरान्ताची एकच अट महाराष्ट्राने आजवर निष्ठेने का पाळली, याचा उलगडा आम्हांस त्या गॅलरीखाली उभे असताना झाला. बाकीच्या अटी मुलीचे लग्न व्हावे म्हणून होत्या. ही एक ती वेळेवर घरी यावी म्हणून आहे.

तेव्हा कोश, पंचांग, सूत्र आणि न्यू जर्सी या सर्वांची संमती मिळविण्यासाठी ज्यांच्या घरी सध्या बैठका चालू आहेत, त्यांनी फार जीव टाकू नये. १९६९ च्या कायद्याने जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते, पण नाव मागाहून भरण्यास वर्षाची मुदत आहे, आणि विलंबशुल्क भरल्यास ती पुढेही मिळते; सरकारला या प्रकरणातील अडचणी ठाऊक असल्याचे हे चिन्ह. आपल्या पूर्वजांना त्या सरकारहूनही आधी ठाऊक होत्या. नाव कोणतेही ठेवले तरी कोणी तरी नावे ठेवणारच, कोणाची तरी निराशा होणारच, आणि तिला तेथल्या तेथे वाट करून दिली नाही तर ती पुढे दिवाळीपर्यंत धुमसत राहणार, हे ओळखून त्यांनी बारशाच्या विधीतच शिक्षेची तरतूद करून ठेवली. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ‘कुर्र’ करावे, नाव सांगावे, आणि त्याच क्षणी जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालावेत, असा तो विधी आहे. यातील न्यायबुद्धी पाहण्यासारखी आहे. ‘वन्सं, जरा नीट वाका,’ असे म्हणून पहिला धपाटा घालणारी बाळाची काकू त्या नावाच्या निवडीत आदल्या रात्रीपर्यंत हिरिरीने भांडलेली असते. आई दमून आणि बाबा पेढ्यांचा हिशेब करीत बाजूला उभे असतात. आणि जिला या सबंध प्रकरणात कोणी एका शब्दानेही विचारलेले नाही, ती आत्या साऱ्यांच्या वतीने मार खाते. नाव ठेवणारे कसे नामानिराळे राहतात ते पाहावयाचे असल्यास बारशाला अवश्य जावे, आणि शक्य तो आत्या म्हणून जाऊ नये.